विश्लेषण : गेम कन्सोलला जोडलेली हार्ड डिस्क मध्येच बंद का पडते? दोष डिस्कचा की विजेचा?

पोर्टेबल हार्ड डिस्क कन्सोलला जोडली की तिचा दिवा लागतो, आतून ‘टक्-टक्’ असा आवाज येतो आणि पडद्यावर डिस्क दिसतच नाही. कधी ती दिसते, पण मोठा गेम कॉपी होत असताना मध्येच गायब होते. तीच डिस्क संगणकाला लावली तर व्यवस्थित चालते. अशा वेळी बहुतेक जण डिस्क खराब झाली असे समजून दुकान गाठतात किंवा ती फॉरमॅट करून बसतात. प्रत्यक्षात अनेकदा डिस्क ठणठणीत असते, तिला पुरेशी वीज मिळत नसते. यूएसबी पोर्टमधून नेमकी किती वीज मिळते, डिस्कला ती किती लागते, केबलमुळे काय बिघडते आणि साठवलेली माहिती कशी वाचवायची, याचा हा आढावा.

कन्सोलला बाहेरच्या डिस्कची गरज का भासते?

गेमचा आकार कन्सोलच्या साठवणुकीपेक्षा वेगाने वाढला, हे त्याचे सरळ कारण. निन्टेंडोचा ‘वी यू’ हा कन्सोल २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या साध्या आवृत्तीत ८ जीबी आणि महागड्या आवृत्तीत ३२ जीबी इतकीच जागा होती. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तीत ८२५ जीबीची एसएसडी असली, तरी प्रणालीने व्यापलेली जागा वजा जाता वापरकर्त्याच्या हाती सुमारे ६६७ जीबी उरते. एक्सबॉक्स सीरिज एसच्या ५१२ जीबीपैकी तर सुमारे ३६४ जीबीच वापरता येते.

आजचे अनेक मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या पुढे जातात. म्हणजे अशा कन्सोलमध्ये चार-पाच मोठे गेम बसले की जागा संपली. गेम काढून टाकायचा आणि पुन्हा खेळावासा वाटला की परत डाउनलोड करायचा, हा मार्ग आहे. मात्र ज्यांच्या इंटरनेट जोडणीवर महिन्याची मर्यादा आहे किंवा वेग कमी आहे, त्यांना तो परवडत नाही. म्हणून १ किंवा २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडणे हा सोपा आणि तुलनेने स्वस्त पर्याय ठरतो.

डिस्कला वीज मिळते कुठून?

बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क साधारण दोन प्रकारच्या असतात. पहिली टेबलावर ठेवायची, आत ३.५ इंची डिस्क असलेली. तिची मोटर १२ व्होल्टवर चालते. यूएसबी पोर्ट तिला १२ व्होल्ट देत नाही, म्हणून तिच्यासोबत भिंतीतल्या प्लगमध्ये लावायचा वेगळा अडॅप्टर येतो. यूएसबी केबल फक्त माहितीची ने-आण करते.

दुसरी खिशात मावणारी, आत २.५ इंची डिस्क असलेली. तिची मोटर आणि सर्किट दोन्ही ५ व्होल्टवर चालतात. त्यामुळे माहिती आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून घेता येतात. वेगळ्या अडॅप्टरची कटकट नाही, हेच तिचे आकर्षण. आणि गोंधळही इथेच सुरू होतो. कारण ही डिस्क जिवंत राहण्यासाठी पूर्णपणे समोरच्या पोर्टवर अवलंबून असते. पोर्टने हात आखडता घेतला की डिस्कचे काम थांबते.

यूएसबी पोर्ट किती वीज देतो?

यूएसबी हे मानक १९९६ मध्ये आले ते कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशा उपकरणांसाठी. २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० मध्ये वेग वाढला, पण विजेची मर्यादा ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर हीच राहिली. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. त्या हिशेबाने एका पोर्टमधून मिळणारी शक्ती २.५ वॅट. २००८ मध्ये यूएसबी ३.० आले आणि ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅटवर गेली.

या मर्यादांमागे एक शिस्तही आहे. जोडलेल्या उपकरणाने आधी अगदी कमी वीज घ्यायची, यूएसबी २.० मध्ये १०० मिलिअँपिअर. मग आपल्याला किती लागणार ते यजमान उपकरणाला सांगायचे आणि परवानगी मिळाल्यावरच जास्त वीज ओढायची. हार्ड डिस्कच्या बाबतीत ही शिस्त कागदावरच राहते. केबल जोडताच अनेक डिस्कची मोटर फिरू लागते आणि परवानगीची वाट न पाहता वीज ओढते. बहुतेक संगणकांचे पोर्ट हे चालवून घेतात, कारण त्यांना मर्यादेपेक्षा थोडी जास्त वीज देण्याची मुभा ठेवलेली असते. प्रत्येक कन्सोल इतका उदार असेलच असे नाही. संगणकावर चालणारी डिस्क कन्सोलवर अडते, त्याचे एक प्रमुख कारण हेच.

डिस्कला खरोखर किती वीज लागते?

इथे दोन आकडे वेगळे पाहावे लागतात. एकदा फिरू लागलेल्या २.५ इंची डिस्कला वाचन-लेखनासाठी साधारण २ वॅटच्या आसपास शक्ती पुरते. हा आकडा यूएसबी २.० च्या २.५ वॅटच्या मर्यादेतही बसतो. मग अडचण कुठे येते?

अडचण येते ती सुरुवातीच्या काही सेकंदांत. घरातला पाण्याचा पंप किंवा जुना फ्रिज सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. थांबलेली मोटर हलवायला चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह लागतो. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. अशा डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. स्थिर असलेल्या तबकड्या या वेगाला नेताना २.५ इंची डिस्क काही क्षण १ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. म्हणजे ५ वॅट. यूएसबी २.० च्या दुप्पट आणि यूएसबी ३.० च्या मर्यादेपेक्षाही किंचित जास्त.

पोर्टने तेवढा प्रवाह दिला नाही तर व्होल्टेज खाली घसरते. डिस्कचे सर्किट बंद पडून पुन्हा सुरू होते, मोटर पुन्हा प्रयत्न करते, व्होल्टेज पुन्हा घसरते. ठरावीक अंतराने ऐकू येणारा ‘टक्-टक्’ आवाज अनेकदा या चक्राचा असतो. सुरू होण्याचा आणि बंद पडण्याचा हा खेळ डिस्कसाठी चांगला नाही. असा आवाज येत असेल तर ‘होईल सुरू’ म्हणून तशीच लावून ठेवू नये, लगेच काढावी.

३५० वॅटच्या कन्सोलला ५ वॅट जड का?

प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तीची कमाल शक्ती ३५० वॅट अशी नोंदलेली आहे. मग डिस्कसाठी एक-दोन वॅट जास्त देणे त्याला कठीण का असावे, असा प्रश्न साहजिक आहे.

याचे उत्तर असे की मर्यादा कन्सोलच्या एकूण पुरवठ्याची नसते, ती त्या विशिष्ट पोर्टची असते. घराला कितीही भार मंजूर असला तरी एका स्विचबोर्डावरची एमसीबी तिच्या क्षमतेच्या पुढे भार गेला की पडतेच. यूएसबी पोर्टच्या मागेही असाच एक छोटा पहारेकरी असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो पोर्टची वीज तोडतो. शॉर्ट झालेली केबल किंवा बिघडलेले उपकरण यामुळे मुख्य बोर्ड जळू नये, म्हणून ही तजवीज असते. काही उपकरणांत दोन पोर्टना मिळून एकच पहारेकरी असतो. अशा वेळी एका पोर्टवर कंट्रोलर चार्ज होत असेल, तर शेजारच्या पोर्टवरील डिस्कच्या वाट्याला कमी वीज येते.

‘वी यू’चे उदाहरण काय सांगते?

विजेच्या या गणिताचा सर्वात ठळक धडा ‘वी यू’ने दिला. या कन्सोलला चार यूएसबी पोर्ट होते, पण चारही यूएसबी २.० प्रकारचे. आतली जागा अपुरी असल्याने बाहेरची डिस्क जोडणे अनेकांना भाग होते. निन्टेंडोने त्यासाठी २ टीबीपर्यंतच्या डिस्कला परवानगी दिली. मात्र पोर्टमधून वीज घेणाऱ्या पोर्टेबल डिस्कऐवजी स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क वापरावी, असा सल्लाही दिला.

ज्यांच्याकडे पोर्टेबल डिस्क आधीच होती त्यांनी मग ‘वाय’ केबलचा आधार घेतला. या केबलच्या एका टोकाला डिस्क आणि दुसऱ्या टोकाला दोन यूएसबी प्लग असतात. एका प्लगमधून माहिती व वीज, तर दुसऱ्यातून फक्त जादा वीज घेतली जाते. दोन पोर्ट मिळून १ अँपिअरपर्यंतचा प्रवाह मिळतो आणि डिस्क सुरू होते.

‘वी यू’चे उत्पादन २०१७ च्या जानेवारीत थांबले आणि त्याच्या ऑनलाइन दुकानातील नवी खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे हा कन्सोल अजूनही आहे त्यांच्यासाठी जोडलेली डिस्क त्यामुळे अधिकच मोलाची झाली आहे. गेमसोबत त्यातील जतन केलेली प्रगतीही त्याच डिस्कवर असू शकते. अशी डिस्क विजेअभावी पुन:पुन्हा बंद पडू देणे म्हणजे ती प्रगती पणाला लावणे.

आजच्या कन्सोलचे नियम काय आहेत?

पुढच्या पिढीतील कन्सोलमध्ये यूएसबी ३.० आल्याने परिस्थिती बरीच सुधारली. एक्सबॉक्स वनला जून २०१४ च्या अद्ययावतीकरणात बाह्य डिस्कवर गेम ठेवण्याची सोय मिळाली. प्लेस्टेशन ४ ला ती मार्च २०१७ मध्ये ४.५० या आवृत्तीपासून मिळाली. दोन्हीकडे डिस्क यूएसबी ३.० प्रकारची असावी ही अट आहे. प्लेस्टेशनसाठी डिस्कची क्षमता किमान २५० जीबी आणि कमाल ८ टीबी असावी लागते. एक्सबॉक्सच्या सध्याच्या सीरिज एक्स आणि एस या कन्सोलसाठी किमान मर्यादा १२८ जीबी आहे.

इथे आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. प्लेस्टेशन ५ साठी खास बनवलेले गेम यूएसबी डिस्कवर साठवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. खेळण्यापूर्वी ते आतल्या एसएसडीवर हलवावे लागतात. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र बाहेरच्या डिस्कवरून थेट खेळता येतात. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एसच्या बाबतीतही खास या कन्सोलसाठी अनुकूल केलेल्या गेमना हाच नियम लागू आहे. निन्टेंडोच्या स्विचवर तर यूएसबी हार्ड डिस्कवर गेम ठेवण्याची सोयच नाही, तिथे मेमरी कार्डच वापरावे लागते. त्यामुळे स्विचच्या डॉकला डिस्क लावून ती ‘चालत नाही’ म्हणून विजेला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढचा पोर्ट की मागचा?

सगळे पोर्ट सारखे नसतात. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तीत समोरचा आयताकृती पोर्ट हा यूएसबी २.० वेगाचा आहे, तर मागचे दोन आयताकृती पोर्ट जास्त वेगाचे आहेत. समोरचा पोर्ट हाताशी असल्याने अनेक जण डिस्क तिथेच जोडतात आणि अडतात. गेमच्या साठवणुकीसाठी डिस्क मागच्या पोर्टला जोडणे हाच योग्य मार्ग.

केबलच्या बाबतीतही अशीच एक चकवणारी गोष्ट आहे. अनेक पोर्टेबल डिस्कना रुंद, दोन भाग असलेला चपटा सॉकेट असतो. त्याच्या एका भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची मायक्रो यूएसबी केबल बसते आणि डिस्क सुरूही होऊ शकते. मात्र तेव्हा ती यूएसबी २.० म्हणून ओळखली जाते. वेग घटतो, मिळणाऱ्या विजेची अधिकृत मर्यादा ५०० मिलिअँपिअरवर येते आणि यूएसबी ३.० ची अट असलेला कन्सोल ती स्वीकारत नाही. मूळ केबल हरवली म्हणून मोबाइलची केबल लावणाऱ्यांनी हे तपासून पाहावे.

केबलच्या लांबीने काय फरक पडतो?

बराच पडतो, आणि त्याचे गणित शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाचेच आहे. तारेचा रोध जितका जास्त, तितके व्होल्टेज वाटेत खर्च होते. तारेची जाडी ‘गेज’मध्ये मोजतात. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. स्वस्त यूएसबी केबलमध्ये विजेसाठीही बहुधा २८ गेजची बारीक तार असते. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो.

समजा केबल दीड मीटर लांब आहे. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणजे तारेची एकूण लांबी ३ मीटर आणि रोध सुमारे ०.६४ ओहम. त्यातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह गेला तर सुमारे ०.५७ व्होल्ट वाटेतच संपतात. पोर्टवर बरोबर ५ व्होल्ट असले तरी डिस्कपर्यंत ४.४३ व्होल्टच पोहोचतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डिस्कना साधारणपणे ५ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे किमान ४.७५ व्होल्ट हवेत. डिस्क अडणार हे उघड आहे.

तीच केबल ३० सेंटिमीटरची असेल तर नुकसान जेमतेम ०.११ व्होल्ट आणि डिस्कला सुमारे ४.८८ व्होल्ट मिळतात. दीड मीटरचीच केबल हवी असेल, पण २४ गेजची जाड तार असेल, तर डिस्कपर्यंत सुमारे ४.७७ व्होल्ट पोहोचतात. म्हणजे काठावर का होईना, काम होऊ शकते. या हिशेबात प्लगच्या जोडणीतला रोध धरलेला नाही. सैल, गंजलेला किंवा धूळ बसलेला प्लग त्यात भरच घालतो. पोर्टेबल डिस्कसोबत कंपन्या वीतभर केबल देतात ती कंजूषपणा म्हणून नव्हे. टीव्हीच्या युनिटमध्ये डिस्क दूर ठेवता यावी म्हणून लांब एक्स्टेंशन केबल लावणे हा अनेक तक्रारींचा उगम असतो.

‘वाय’ केबल किंवा यूएसबी हब हा तोडगा आहे का?

‘वाय’ केबल काम करते, पण ती यूएसबी मानकात बसत नाही. उपकरणाने दोन पोर्टमधून वीज ओढणे मानकाला मान्य नाही. दोन वेगवेगळ्या उपकरणांचे पोर्ट एकत्र जोडले, म्हणजे एक प्लग कन्सोलला आणि दुसरा मोबाइलच्या चार्जरला, तर दोन्हींच्या व्होल्टेजमधील फरकामुळे प्रवाह एकातून दुसऱ्यात उलटा वाहण्याची शक्यता असते. नाइलाज असेल तर दोन्ही प्लग एकाच कन्सोलला लावणे तुलनेने सुरक्षित. यूएसबी ३.० चे पोर्ट असलेल्या कन्सोलवर मात्र ‘वाय’ केबलची गरज भासता कामा नये. भासत असेल तर आधी केबल आणि डिस्क तपासावी.

स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हा दुसरा पर्याय. संगणकासाठी तो उत्तम आहे. मात्र प्लेस्टेशनवर गेम साठवण्याची डिस्क हबमधून जोडता येत नाही, ती थेट कन्सोललाच जोडावी लागते. शिवाय काही स्वस्त हब स्वतःची वीज उलट्या दिशेने यजमान उपकरणाच्या पोर्टमध्येही ढकलतात. कन्सोल बंद केल्यावरही त्याचा किंवा डिस्कचा दिवा मंद तेवत राहिला तर असा हब ताबडतोब काढावा.

लाइट गेली तर डिस्कचे काय होते?

महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि भारनियमनाच्या काळात हा प्रश्न नेहमीचाच. हार्ड डिस्कमध्ये वाचन-लेखन करणारे हेड फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. वीज अचानक गेली की ते तबकडीवर आदळू नये यासाठी एक सुंदर योजना असते. फिरत असलेली मोटरच त्या क्षणी जनित्र बनते आणि तिने निर्माण केलेल्या विजेवर हेड मागे खेचून बाजूच्या उतरत्या पट्टीवर ठेवले जाते.

ही आणीबाणीची सोय आहे, रोजच्या वापरासाठी नाही. हेड शांतपणे मागे घेण्याच्या फेऱ्या डिस्क लाखोंनी सोसते, पण अशा धक्क्याने मागे खेचण्याच्या फेऱ्या त्या मानाने खूपच कमी सोसते. शिवाय त्या क्षणी लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहते. मग पुढच्या वेळी कन्सोल डिस्क दुरुस्त करायला घेतो किंवा गेम पुन्हा डाउनलोड करायला सांगतो.

ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे तो ‘यूपीएस मोड’वर ठेवल्यास वीज बदलण्याचा काळ कमी होतो आणि कन्सोल बंद पडण्याची शक्यता घटते. इन्व्हर्टर नसेल तर संगणकासाठी मिळतो तसा यूपीएस कन्सोलच्या वॅटचा हिशेब करून घ्यावा.

कन्सोल ‘झोपेत’ असतानाही डिस्क काढता येते का?

हा गैरसमज महागात पडू शकतो. प्लेस्टेशनमधील रेस्ट मोड म्हणजे कन्सोल पूर्ण बंद असणे नव्हे. या अवस्थेत यूएसबी पोर्टला वीज द्यायची की नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. प्लेस्टेशन ५ मध्ये ‘नेहमी’, ‘३ तास’ आणि ‘बंद’ असे पर्याय आहेत. कंट्रोलर चार्ज व्हावा म्हणून बरेच जण वीज सुरू ठेवतात. त्यामुळे पडदा काळा असला तरी डिस्क वापरात असू शकते, तिच्यावर गेमचे अद्ययावतीकरण उतरत असू शकते.

डिस्क काढायची असेल तर कन्सोलच्या मेनूमधून तिचा वापर आधी थांबवावा किंवा कन्सोल पूर्ण बंद करावा. दिवा विझला आणि फिरण्याचा आवाज थांबला की मगच केबल काढावी.

दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे?

क्रमाने तपासल्यास पैसे खर्च न करता उत्तर मिळू शकते. पहिली पायरी, कन्सोलवरील इतर सर्व यूएसबी उपकरणे काढून फक्त डिस्क जोडणे. दुसरी, डिस्कसोबत आलेली आखूड केबल वापरणे. एक्स्टेंशन, हब, टीव्हीचा पोर्ट असे काहीही मध्ये नको. तिसरी, पोर्ट बदलून पाहणे. चौथी, तीच केबल व डिस्क संगणकाच्या यूएसबी ३.० पोर्टला लावणे. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागचा पोर्ट निवडावा, कारण तो थेट मुख्य बोर्डावर असतो. पुढचे पोर्ट आतल्या तारेने जोडलेले असतात.

संगणकावर डिस्क शांतपणे फिरली आणि कन्सोलवर अडली तर संशय वीज, पोर्ट किंवा फॉरमॅटवर जातो. संगणकावरही तोच ‘टक्-टक्’ आवाज आला तर डिस्कमध्येच यांत्रिक बिघाड असण्याची शक्यता मोठी. अशा डिस्कवर महत्त्वाची माहिती असेल तर ती पुन:पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्न माहिती परत मिळण्याची शक्यता कमी करतो.

सर्वात मोठा धोका कोणता?

सर्वात मोठा धोका विजेचा नाही, ‘फॉरमॅट’ या एका बटणाचा आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर गेम साठवण्यासाठी डिस्क जोडली की कन्सोल ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करायला सांगतो. होकार दिला की डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते. घरातली एकमेव पोर्टेबल डिस्क, जिच्यावर लग्नाची छायाचित्रे, मुलांचे व्हिडीओ आणि कार्यालयाची कागदपत्रे असतात, तीच मुलांनी कन्सोलला लावली तर काय होईल हे सांगायला नको. गेम पुन्हा डाउनलोड होतात, छायाचित्रे होत नाहीत. म्हणून कन्सोलसाठी वेगळी डिस्क ठेवावी आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी चिकटवावी.

उलटही तितकेच खरे. प्लेस्टेशनने फॉरमॅट केलेली डिस्क तपासणीसाठी विंडोज संगणकाला लावली की ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न येऊ शकतो. डिस्क खराब झाली असा त्याचा अर्थ नव्हे. संगणकाला ती भाषा वाचता येत नाही इतकेच. तिथे ‘रद्द करा’ हेच उत्तर द्यायचे. प्लेस्टेशन ४ च्या गेममधील जतन केलेली प्रगती कन्सोलच्या आतल्या साठवणुकीत असते, त्यामुळे बाहेरची डिस्क गेली तरी ती वाचते. हा दिलासा प्रत्येक कन्सोलवर मिळेलच असे मात्र नाही.

नवी डिस्क घेताना काय पाहावे?

फक्त साठवणुकीसाठी हवी असेल आणि जागेचा प्रश्न नसेल, तर अडॅप्टर असलेली ३.५ इंची डिस्क पोर्टच्या विजेवर अवलंबून राहत नाही. मात्र तिच्यासाठी वेगळा प्लग लागतो. पोर्टेबल हवी असेल तर यूएसबी ३.० किंवा त्यापुढची, आखूड मूळ केबल असलेली डिस्क घ्यावी. पोर्टेबल एसएसडीमध्ये मोटर नसते, त्यामुळे सुरू होतानाचा झटका नाही, आवाज नाही आणि हेड आदळण्याची भीतीही नाही. गेम उघडण्याचा वेगही वाढतो. वेगाने लिहिताना तीही बऱ्यापैकी वीज घेते आणि प्रत्येक जीबीमागे तिची किंमत हार्ड डिस्कपेक्षा जास्त पडते, हे विसरू नये.

जुनी डिस्क असेल तर खरेदीपूर्वी एकदा आखूड केबल आणि मागचा पोर्ट वापरून पाहावा. त्यासाठी लागणारा खर्च नव्या डिस्कच्या तुलनेत नगण्य आहे. आणि काहीही करण्यापूर्वी, डिस्कवर जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे ना, एवढे नक्की पाहावे.